उपायाचा रकाना

सकाळी 9:30. बीड जिल्ह्यातलं एक गाव, नोव्हेंबर महिना. मी बी.एड.च्या छात्राध्यापकांचा मार्गदर्शक, विषय सामाजिक शास्त्रं. आजचा पाठ आठवीला, 'स्थलांतर'. छात्राध्यापिकेच्या टाचणात उपायाच्या रकान्यात एकच ओळ आहे: पालकांमध्ये जनजागृती करावी.

"कुठल्या पालकांमध्ये?" मी विचारलं. ती गप्प झाली. वर्गातली सात मुलं गैरहजर आहेत आणि त्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत.

दरवर्षी नव्या तुकडीकडून रॅली, पथनाट्य, घोषवाक्यं हेच येतं. पोरांची तळमळ खरी असते, पण प्रश्न नीट समजून घेण्याआधीच उपाय लिहून होतो.

11:00. टाचण बाजूला ठेवून तिने फळ्यावर गणित मांडलं. मुकादमाकडून उचल घेतली एक लाख. 2024च्या करारातला तोडणीचा दर टनाला 366 रुपये. नवराबायको मिळून एक कोयता, दिवसाला दोन टन तोडतो असं धरू. उचल किती दिवसांत फिटेल? पोरांनी वहीत भागाकार केला: 137 दिवस. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, मग खायचं कशातून?" वर्ग शांत झाला. तिनेच पुढे सांगितलं, "आज्जी आहे म्हणून मी राहिले. धाकट्याला नेलं, त्याला कोण सांभाळणार?" वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायची भीती वाटते, म्हणून लवकर लग्न उरकतात आणि नवं जोडपं म्हणजे नवा कोयता, हेही पोरांनीच सांगितलं. मुलीचं लग्नाचं वय 18, हा कायदा त्यांना तोंडपाठ आहे.

1:00. खिचडी.

2:00. हजेरीपट उघडला. सातांपैकी पाच जणांना निघताना शिक्षण हमी पत्रक मिळालं होतं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत ती बसू शकतात. दोघं तशीच गेली. मुख्याध्यापकांनी लगेच पत्रकं भरून सही केली. हंगामी वसतिगृहाचा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवायचंही ठरलं.

4:30. त्या मुलीच्या आज्जीकडून मुकादमाचा नंबर मिळाला. छात्राध्यापिकेने फोन लावला. बऱ्याच वेळाने दोघांपैकी एकाचा बाप बोलला, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज होता. तिने पत्रकाचं सांगितलं. तो म्हणाला, "पाठवतो की बाई. पण इथं शाळा किती लांब हाय?"

तिने टाचणातली जुनी ओळ खोडली आणि त्या रकान्यात त्याचा प्रश्न लिहून घेतला.