लिली पुरे आहे

सांडोर, पापडी, नंदाखाल या वसईच्या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरात मुलीचं नाव 'लिली' ठेवायचं मनात आलं, की पाठोपाठ दुसरा विचारही येतो. घरात लिली म्हणू, पण दाखल्यावर लिलियन किंवा लिलियाना असू दे. दोन अक्षरी नाव लाडाचं वाटतं, पोर मोठी झाल्यावर शोभणार नाही, अशी ही धास्ती. ती मायेपोटीच असते. तरीही माझं मत असं आहे, की ज्यांना लिली हे नाव आवडलं आहे त्यांनी कागदावरही लिलीच लिहावं.

या नावाला वसईत जी ओळख आहे ती फार थोड्या ठिकाणी असेल. वसई-पालघर पट्ट्यातला फुलशेतकरी लिलीच्या कळ्या मिटलेल्या असतानाच खुडतो, लांब देठांच्या जुड्या बांधतो आणि मोगरा-चाफ्याबरोबर त्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जातात. हार-वेण्यांत ओवलेल्या या पांढऱ्या कळ्या मग हळूहळू उमलतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने ही खरी लिली नव्हे. ती हायमेनोकॅलिस, नर्गिसाच्या कुळातली, मूळची अमेरिका खंडातली. पण बाजारात, वाडीत आणि देवघरात ती लिलीच आहे. उलट लिलियन या लांब रूपाचं मूळ बहुधा एलिझाबेथच्या लाडक्या रूपात असावं, फुलाशी त्याचा संबंध नंतर जुळला, असं नावांचे अभ्यासक मानतात. फुलासाठीच नाव ठेवायचं असेल, तर लांब रूप आपल्याला फुलापासून थोडं दूरच नेतं.

पहिला आक्षेप धार्मिक आहे: फुलाचं नाव म्हणजे संताचं नाव नव्हे, मग स्नानसंस्काराला ते कसं चालेल? या आक्षेपाला इतिहास आहे. 1534 ते 1739 या पोर्तुगीज अमलात वसईत संतांच्या नावांची परंपरा रुजली, आणि 1917च्या कॅथलिक धर्मसंहितेत तर धर्मगुरूने ख्रिस्ती नाव देण्याची काळजी घ्यावी, पालक ऐकत नसतील तर त्यांनी निवडलेल्या नावाला संताचं नाव जोडून दोन्ही नोंदवावीत, असं सांगितलेलं होतं. 1983च्या संहितेने ही अट सैल केली. ख्रिस्ती भावनेला परकं वाटेल असं नाव नको, एवढीच अपेक्षा आता उरली आहे. म्हणूनच वसईच्या ख्रिस्ती घरांत मराठी नावंही आता सहज दिसतात. आणि लिली परकी कशी म्हणायची? मरियेच्या चित्रांत पावित्र्याची खूण म्हणून लिली असते, संत योसेफाच्या काठीवर आणि संत अंतोनच्या हातात तीच असते. लूकच्या शुभवर्तमानात येणाऱ्या सुझानाचं हिब्रू नाव याच फुलावरून आलेलं आहे. शिवाय लिमाची संत रोझ (1586–1617) जन्मनावाने इसाबेल होती. फुलाच्या नावानेच ती 1671मध्ये संतपदाला पोहोचली.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. लहानपणी गोड वाटणारं नाव डॉक्टर किंवा न्यायाधीश झालेल्या बाईला पुरेल का? मराठीचा अनुभव सांगतो, की पुरतं. जाई, जुई, चंपा, कमल ही सगळी आखूड नावं. वयाचा मान नावाच्या पुढे येऊन बसतो: जाईताई, कमलमावशी, चंपाआजी. दाखल्यावर 'कमलिनी' नसल्याने कुठल्या कमलताईंचा मान कमी झाला नाही. त्यात आपल्याकडे नावापुढे वडिलांचं नाव आणि मग घोन्साल्विस, रॉड्रिग्ज, तुस्कानो अशी भरघोस आडनावं येतात. त्यांच्याआधी आखूड नाव कानाला बरं वाटतं. लांब नावाने मुलीला पुढे निवडीची मोकळीक मिळते, हा मुद्दा मात्र मी मान्य करते. लिलियानातून लिली, लिया, याना निघू शकतात. पण त्या मोकळीकीची किंमत कागदपत्रं वसूल करतात. चर्चच्या नोंदीत एक, शाळेत दुसरं आणि आधारवर इंग्रजीत तिसऱ्याच स्पेलिंगने लिहिलेलं नाव, मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, हेलपाटे. 1 ऑक्टोबर 2023पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना अशा कामांत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा धरला जातो, त्यामुळे त्यावरचं नाव आता आयुष्यभर पाठीशी राहणार आहे.

आजीचं नाव लिलियाना होतं आणि तेच पुढे चालवायचं आहे, किंवा घरात खरोखरच पूर्ण नावाने हाक मारणार आहात, तर लांब नाव जरूर ठेवा. पण मग सगळीकडे तेच, एकाच स्पेलिंगने. केवळ भारदस्तपणासाठी मात्र ते नको. घाईही करू नका. नावाशिवाय जन्मनोंद झाली असेल तर बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क नाव घालता येतं, आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पहिले काही महिने घरातली माणसं बाळाला काय म्हणून हाक मारतात ते ऐका, आणि अर्जावर तेच लिहा.