निवृत्त आगबंबांचे भवितव्य : संज्ञा आणि व्याख्या यांच्या कचाट्यात

शहराच्या सेवेतून निवृत्त झालेल्या जुन्या आगबंबांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रशास्त्राचा किंवा नगरप्रशासनाचा वाटतो. भाषाविषयक विभागाच्या पत्रिकेत त्यास स्थान कशाला, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि ज्या कागदांवर या वाहनांचे भवितव्य ठरते ते कागद वाचले असता असे दिसून येते की, निर्णय बहुधा इंजिनाच्या अवस्थेवरून होत नसून ती वस्तू कोणत्या संज्ञेखाली येते यावरून होतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः मुंबईचे उदाहरण समोर ठेवून या प्रक्रियेचे विवेचन करण्याचे योजिले आहे.

प्रथम ‘बंब’ या शब्दाविषयी. तो मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. तेथील ‘बोंबा’ या शब्दाचे पंप आणि स्फोटक गोळा असे दोन्ही अर्थ होतात. मराठीने त्यांपैकी पहिला स्वीकारला आणि दुसऱ्यासाठी पुढे इंग्रजीच्या द्वारे ‘बॉम्ब’ घेतला. न्हाणीघरातील पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब आणि आगीवर धावून जाणारा बंब ही एकाच शब्दाची दोन रूपे होत. (‘अगडबंब’ या विशेषणाशी त्यांचे नाते जोडण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा.) ‘अग्निशमन’ हा शब्द घडविलेला, शासकीय वळणाचा, परंतु गल्लीत आग लागली की लोक अजूनही ‘बंब आला’ असेच म्हणतात.

पंप आणि स्फोटक हे दोन्ही अर्थ मुंबईत एकदा समोरासमोर आले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि स्फोटकेही होती. बंब धक्क्यावर पोहोचून पाण्याचा मारा चालू असतानाच, दुपारी चारनंतर सुमारे अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. हा उल्लेख येथे भावनेसाठी केलेला नाही. त्या पिढीतील एखादा बंब आज एखाद्या आवारात उभा असेल, तर तो पुरावा आहे, आणि पुराव्याची विल्हेवाट लावण्यापूर्वी तो वाचला गेला पाहिजे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आता कार्यालयीन भाषेकडे वळू. मराठीत ‘बंब’ पुल्लिंगी, ‘गाडी’ स्त्रीलिंगी आणि ‘वाहन’ नपुंसकलिंगी. काही वर्षांपूर्वी एका शहराच्या अग्निशमन केंद्रात मागील शेडजवळ उभा असलेला जुना बंब मी पाहिला. बॉनेटच्या फटीतून पिंपळाचे रोप वर आले होते. तेथील एक वृद्ध कर्मचारी त्याविषयी बोलताना अखेरपर्यंत ‘ती’ असाच उल्लेख करीत होते. ‘ती रात्री कधी अडली नाही’, हे त्यांचे वाक्य माझ्या लक्षात राहिले. त्याच केंद्राच्या टिपणात मात्र ‘सदर वाहन निरुपयोगी असून ते निर्लेखित करणे योग्य होईल’ असा मजकूर होता. जडसंग्रह नोंदवहीतून एखादी वस्तू काढून टाकणे यास आपल्याकडे ‘निर्लेखन’ म्हणतात. ही संज्ञा अन्वर्थक आहे. लेखातून वस्तू पुसली गेली की तिच्याविषयी विचारणारा कोणी उरत नाही. पुढे राहतो तो लोखंडाचा वजनी भाव.

कायद्याच्या व्याख्यांत बंबाची स्थिती अधिकच चमत्कारिक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जानेवारी २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून महानगरपालिकांसह सर्व शासकीय संस्थांच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नूतनीकृत होत नाही. अशी वाहने नोंदणीकृत मोडणी केंद्राकडे द्यावयाची असतात. अपवाद आहे तो देशाचे संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी वापरल्या जाणाऱ्या विशेष वाहनांचा. आग विझविणे हे कार्य त्या शब्दावलीत आढळत नाही. दुसरीकडे, २०२१ सालच्या नियमांनी पन्नास वर्षांवरील ‘व्हिंटेज’ वाहनांस स्वतंत्र नोंदणी दिली. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन वा रॅली यांसाठी ती रस्त्यावर आणता येतात. परंतु त्या व्याख्येत दुचाकी आणि प्रवासी मोटारीच बसतात. मालवाहू सांगाड्यावर बांधलेला बंब तिच्या बाहेर राहतो. तिसरा कायदा १९७२ सालचा, पुरावस्तू व कलानिधीविषयीचा. त्यानुसार पुरावस्तू ठरण्यास साधारणपणे शंभर वर्षांचे अस्तित्व आवश्यक असते. म्हणजे १९४० साली बांधलेला बंब २०४० पर्यंत पुरावस्तू नव्हे, व्हिंटेज नव्हे, आणि उपयुक्त वाहन तर नव्हेच नव्हे. राजवाड्यातील मोटार मात्र पन्नाशी उलटताच वारसा ठरते. वाहनाच्या सामाजिक कार्यापेक्षा त्याच्या आसनांचा प्रकार येथे निर्णायक ठरला आहे, हे भाषाभ्यासकाने तरी नोंदविले पाहिजे.

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ सालच्या अधिनियमातही असाच एक व्याकरणिक पेच आहे. अग्निशमन दल राखणे हे पालिकेचे अनिवार्य कर्तव्य, तर संग्रहालये चालविणे हे ऐच्छिक. ‘केले पाहिजे’ आणि ‘करता येईल’ या दोन क्रियारूपांमधील हे अंतर आहे. बंब केंद्राच्या दारातून निघून संग्रहालयाच्या दाराशी येतो, तेव्हा तो विध्यर्थातून शक्यतेत येतो आणि त्याच्यासाठीची तरतूदही तशीच शक्यतेत जाते. हा अडथळा अनुल्लंघनीय नाही. भायखळ्यातच, जेथे दलाचे मुख्यालय आहे, पालिकेचे १८७२ साली खुले झालेले वस्तुसंग्रहालय (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) जीर्णावस्थेतून सावरून २००८ साली पुन्हा लोकांसाठी उघडले गेले.

जतन करावयाचे असे ठरले, तरी काय जतन करावयाचे हा प्रश्न उरतोच. व्हिंटेज नियमांत ‘मूळ स्वरूप’ ही अट आहे. बंबाच्या बाबतीत ती फारशी लागू पडत नाही. सांगाडा एका कारखान्याचा, पंप दुसऱ्याचा, वरचे लाकूडकाम बहुधा स्थानिक सुताराचे. जुन्या बंबांवर जवान दोन्ही बाजूंस उघड्यावर, पाठीला पाठ लावून बसत. वळणावर पडण्याचे भय असे, म्हणून पुढे बंदिस्त केबिनी आल्या. सेवेच्या काळात पंप बदलले, घंटेच्या जागी भोंगा आला, लाकडी शिडी जाऊन धातूची आली. यांपैकी ‘मूळ’ कोणते? ग्रंथसंपादनाशी परिचित असलेल्या वाचकांस हा प्रश्न नवा नाही. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना संपादकांनी प्रक्षिप्त भाग संहितेबाहेर काढला, पण फेकून दिला नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत तो राखला. बंबाच्या दुरुस्तीतही हीच शिस्त हवी. बदललेला पंप काढून जुन्या धाटणीचा नवा बसविणे म्हणजे हस्तलिखितावर नव्याने शाई फिरविणे होय. माझ्या मते, ज्या अवस्थेत बंब अखेरच्या आगीवरून परतला ती अवस्था प्रमाण मानावी आणि तीत केलेला प्रत्येक बदल लिहून ठेवावा.

चालत्या स्थितीत ठेवावा की निश्चल? दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जॉन मॉरिस कंपनीचा १९१४ सालचा बंब आहे. तो निजामाच्या रेल्वेकडे होता. भरीव रबरी धावांचा तो बंब अनेकदा जुन्या मोटारींच्या शर्यतीतही धावला आहे. त्यासाठी छप्पर लागते, कारागीर लागतो आणि दरवर्षी पैसा लागतो. प्रत्येक बंबासाठी हे शक्य नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु स्वस्त पर्याय म्हणून चौकात चौथऱ्यावर बंब उभा करण्याची जी प्रथा आहे, ती मला सर्वांत अनिष्ट वाटते. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात पत्रा गंजतो, लाकूड कुजते, आणि दरवर्षी चढविलेल्या लाल रंगाखाली हे सारे झाकले जाते. त्यापेक्षा दोनच बंब निवडून छपराखाली ठेवावेत आणि उरलेल्यांची मोजमापे, छायाचित्रे व पंपावरील पट्ट्यांचे मजकूर नोंदवून ते मोडणीस द्यावेत, हे अधिक प्रामाणिक.

ही नोंद निर्लेखनाच्या टिपणापूर्वी व्हावयास हवी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. जडसंग्रह नोंदवहीत एक स्तंभ वाढविला तरी पुरे. त्या स्तंभात बंब कोणत्या केंद्रावर होता, कोणत्या मोठ्या आगींवर गेला आणि तो चालविणारे त्यास काय म्हणत, हे लिहावे. चालविणाऱ्यांपैकी जे हयात आहेत त्यांची वये पाहता, या कामास आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी या सत्रातच आरंभ करावा असा विचार आहे.