ओकची लाकडी फरशी : फायदे किती, तोटे किती?

घराच्या किंवा दुकानाच्या जमिनीला ओकच्या फळ्या बसवून मागणारे गिऱ्हाईक आपल्या सुतार व ठेकेदार बांधवांना आता भेटू लागले आहे. ओक म्हणजे उर्दूतील बलूत. युरोप व अमेरिकेचे हे लाकूड आपल्याकडे आयात होऊन येते. त्याचे गुणदोष न पाहता काम अंगावर घेतले आणि पावसाळ्यात फळ्या फुगल्या, तर भरपाई कारागिराच्याच खिशातून जाते. म्हणून दोन्ही बाजू समजून घेणे फायद्याचे आहे.

पहिला गुण कठीणपणाचा. जान्का या कसोटीवर पांढरा ओक सुमारे १३६० पौंड व लाल ओक सुमारे १२९० पौंड भरतो. सागवान यापेक्षा मऊ आहे. त्यामुळे रहदारीच्या जागी ओक टिकतो. दुसरा गुण असा की, १८ ते २० मि.मी. जाडीची भरीव फळी अनेकदा घासून पुन्हा पॉलिश करता येते. फरशी जुनी झाली तरी बदलावी लागत नाही. शिवाय त्याच्या रेषा ठसठशीत असून पॉलिश चांगले धरतात.

आता तोटे पाहू. सर्वांत मोठा शत्रू दमट हवा. लाकडातील ओलावा वाढला की फळी रुंदीत फुगते. साध्या पद्धतीने चिरलेली १५० मि.मी. रुंदीची फळी घ्या. तिचा ओलावा ८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला, तर ती सुमारे २ मि.मी. वाढते. अशा वीस फळ्यांची वाढ ४० मि.मी.च्या वर जाते! कोकणपट्टीत पावसाळ्यात ओलावा याहूनही वाढतो. मग फळ्यांच्या कडा उचलतात किंवा फरशी मधेच फुगून वर येते.

दुसरा तोटा वाळवीचा. सागवानाप्रमाणे ओकवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून जमिनीची वाळवी-प्रतिबंधक फवारणी आधीच करावी. तिसरे म्हणजे ओकमध्ये टॅनिन असते. लोखंडी खिळा व पाणी एकत्र आले की काळा डाग पडतो. जेथे ओल लागण्याचा संभव आहे तेथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. मोरी, स्वयंपाकघर व वजूची जागा येथे ही फरशी नकोच. पाणी ओतून फरशी धुण्याची सवय असलेल्या घरालाही ती मानवत नाही.

दमट भागासाठी मधला मार्ग आहे. प्लायवुडच्या थरांवर ओकचा पातळ थर चिकटवलेली फळी मिळते. थर आडवे-उभे असल्याने ती कमी फुगते. मात्र वरचा थर ३ मि.मी. असेल तर ती एक-दोन वेळाच घासता येते. तिसरा प्रकार 'ओक फिनिश' लॅमिनेट. त्यात ओक नसतोच, वर ओकचे छापील चित्र असते. ते स्वस्त म्हणून जरूर विकावे, पण ओक म्हणून विकू नये.

काम घेण्यापूर्वी एवढे करावे. काँक्रीटवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून चोवीस तास ठेवावा. खाली थेंब दिसले तर थांबावे. फळ्या काही दिवस त्याच खोलीत ठेवून ओलावा मीटरने मोजावा. भिंतीलगत १० ते १२ मि.मी. जागा सोडून ती पट्टीने झाकावी. फळीचा प्रकार, जाडी व वरच्या थराचे माप बिलावर लिहावे, आणि पाण्याबाबतची सूचना गिऱ्हाइकाकडून सही करून घ्यावी.

थोडक्यात, कोरडी जागा, जपणारे गिऱ्हाईक आणि पुरेसे पैसे असतील तर ओक उत्तम. यांपैकी एक जरी कमी असेल, तर सागवान किंवा साधी लादी सुचविणे बरे. आज एक काम हातचे गेले तरी उद्याचा वाद टळतो आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा विश्वासाने येते.