पाटा घालायचा की काढायचा?

नवी पिकअप शोरूममधून निघाली की मालकाचा पहिला फेरा देवळाकडे आणि दुसरा कमानवाल्याकडे, हा खान्देशातला रूढ क्रम. मागच्या कमानीत एखादा पाटा वाढवायचा, फाळके उंच करून घ्यायचे, आणि मग गाडी कापसाला किंवा कांद्याला लावायची. शिंदखेडा, दोंडाईचा, नरडाणा या पट्ट्यात पिकअपचा धंदा उभा राहिला तो असा. आता त्याच गाडीकडे वेगळ्या नजरेने पाहणारा एक वर्ग तयार झाला आहे. त्याला हौद्यात माल भरायचा नाही, बिऱ्हाड भरायचे आहे. टपावर तंबू, मागे स्वयंपाकाचा कप्पा, बाजूला पाण्याची टाकी, आणि सातपुड्यापासून लडाखपर्यंतचा रस्ता. हा माणूसही गाडीची तयारी सुरू करतो ती कमानीपासूनच, आणि त्याच सवयीने सांगतो, ‘एक पाटा टाकून द्या.’ माझ्या मते त्याची गल्लत इथेच होते. आपल्याकडची कमान पिढ्यान्‌पिढ्या वजन पेलण्यासाठी घडत आली, धक्का झेलण्याचे काम आपण नेहमी दुसऱ्या कशावर तरी सोपवले. प्रवासाची गाडी बांधताना ही दोन कामे वेगळी ओळखली नाहीत, तर पैसे जातात आणि पाठही जाते.

मागे वळून पाहिले की हे स्पष्ट दिसते. लोखंडी धाव चढवलेल्या बैलगाडीला कमान नव्हतीच. आस, त्यावर साटी, साटीवर माल. माणसे बसणार असतील तर साटीवर कडबा पसरायचा आणि वर गोधडी टाकायची. लग्नाला निघालेल्या दमणीची सगळी ऐट त्या कडब्याच्या जाडीवर. टांग्याला कमानी होत्या, कारण तो माणसांसाठीच होता, पण टांगा स्टेशन ते गाव एवढ्यापुरता. पुढे रबरी टायरची गाडी आली, तिला लोक कंपनीच्या नावाने डनलॉप गाडी म्हणत. तिच्यामुळे बैलांवरचा ताण कमी झाला आणि धक्काही थोडा कमी झाला, कारण टायरमधली हवा हीच एक कमान असते. शेतकऱ्याने मात्र त्या सवलतीचा उपयोग जास्त माल भरण्यासाठी केला. त्यात त्याचे चुकले असे नाही, गाडी कमाईसाठीच होती. पण इथून पुढे प्रत्येक सुधारणेचे हेच झाले.

महिंद्राने 1947 साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपला चारही चाकांवर पाट्यांच्या कमानी होत्या. लष्करासाठी घडलेली ही गाडी पुढे ग्रामीण महाराष्ट्रात काळी-पिवळी झाली, आणि आत किती माणसे बसली हे मोजायचे सोडून टपावर आणि मागच्या पायरीवर किती लटकली हे मोजावे लागले. 1988 मध्ये टेल्कोची टाटामोबाइल आली, 2005 मध्ये टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’. दरम्यान बोलेरो पिकअपने तालुक्याची बाजारपेठच ताब्यात घेतली. यांतल्या जवळजवळ प्रत्येक गाडीच्या मागच्या कमानीत कधी ना कधी पाटा वाढलेला आहे. आणि धक्क्याचे काय? शहादा-शिरपूर भागातली पपई पाहा. कडक कमानीच्या गाडीत पपई डागाळते, म्हणून तळाला पेंढा आणि कागद अंथरून फळे रचली जातात. कमान कुणी मऊ करत नाही. दमणीतला कडबा पिकअपच्या हौद्यात आला, एवढाच काय तो फरक. मालासाठी हे शहाणपणाचे आहे: सव्वा ते पावणेदोन टन वजनासाठी घडलेली कमान मऊ केली तर भरलेल्या दिवशी गाडी बसेल, आणि पेंढा फुकट मिळतो. प्रश्न एवढाच, की आठ-आठ दिवस त्याच गाडीत राहणाऱ्या माणसाने पेंढ्यावर का बसावे?

बिऱ्हाड घेऊन हिंडणे ही काही परदेशातून आलेली हौस नाही. धुळे-नंदुरबारकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन पावसाळा सरला की वाटेला लागतात, आणि त्यांचे घर घोड्याच्या पाठीवर असते: बाज, भांडी, गोधड्या, वर बांधलेल्या कोंबड्या, कधी एखादे नुकते जन्मलेले कोकरू. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे फडाच्या कडेला कोप्या उभारतात. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातले व्यापारी घोड्यांशेजारीच राहुट्या ठोकून राहतात. हिवाळ्यात शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजून होणारी भरीत पार्टी म्हणजे एका रात्रीचा तळच. या सगळ्यांच्या सामानात एक शिस्त आहे. घोड्याची पाठ किती पेलते हे ठेलाऱ्याला पक्के ठाऊक असते, म्हणून त्याच्या बिऱ्हाडातली प्रत्येक वस्तू दोन कामे करते. बाज ही रात्री खाट आणि दिवसा सामान बांधायची चौकट. ताडपत्री हे छप्पर, तीच बिछायत. जुन्या जीपच्या आरशाला टांगलेली कॅनव्हासची छागल आठवते का? वाऱ्याने ओल्या कापडावरचे पाणी उडायचे आणि आतले गार व्हायचे. चव्वेचाळीस अंशांतही, बॅटरीशिवाय. पिकअप आली आणि ही शिस्त सुटली, कारण हौदा रिकामा दिसला की त्यात काहीतरी टाकावेसेच वाटते.

2016 मध्ये इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि 2022 मध्ये टोयोटाची हायलक्स भारतात आली, तेव्हा पिकअप ‘फिरायची गाडी’ म्हणून ठळकपणे विकली जाऊ लागली. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. हौशी लोकांना नमुना मिळाला तो ऑस्ट्रेलियाचा. तिथे वाळवंट ओलांडण्यासाठी अख्खा उद्योगच उभा आहे, मेलबर्नची एआरबी ही कंपनी 1975 पासून याच धंद्यात आहे. तिथल्या याद्या इथे जशाच्या तशा उतरल्या. त्यांचे वजन ढोबळमानाने मांडून पाहा. टपावरचा तंबू 60 किलो, तो पेलणारी चौकट आणि हौद्याचे झाकण 70, साठ लिटर पाणी म्हणजे 60, घरच्या इन्व्हर्टरची उचलून आणलेली ट्यूब्युलर बॅटरी 55, फ्रिज आतल्या सामानासह 35, प्लायवूडचे कप्पे 50, जादा चाक 25, अवजारे 15. बेरीज 370 किलो, आणि अजून एकही माणूस बसलेला नाही. आता तंबूऐवजी ताडपत्री आणि घडीच्या दोन खाटा, ट्यूब्युलरऐवजी बारा-तेरा किलोची लिथियम बॅटरी, पाणी चाळीस लिटर, पाच किलोचा छोटा सिलिंडर, कप्प्यांऐवजी दोन पत्र्याच्या पेट्या एवढेच घ्या, फ्रिज घरी ठेवा: बिऱ्हाड दीडशेच्या आत येते. म्हणजे कमानीला हात न लावता दोनशेहून अधिक किलोची ‘सुधारणा’ झाली. शिवाय टपावरचे वजन खाली आल्यामुळे तोरणमाळच्या वळणांवर गाडी झुकते कमी, तो फायदा वेगळाच.

आता कमान. पाट्याच्या कमानीचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. सारख्याच जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला तर कमान साधारण वीस टक्के कडक होते. आठ मिलिमीटरच्या जागी दहा मिलिमीटरचे पाटे बसवले तर जवळजवळ दुप्पट. म्हणून ‘जरा जाड टाका’ हे वाक्य ऐकायला निरुपद्रवी आणि परिणामाने भयंकर आहे. मालवाहू पिकअप तर मुळातच टन-दीड टनासाठी घडलेली. तिच्यात तीनशे किलोचे बिऱ्हाड म्हणजे तिच्या लेखी ती रिकामीच, म्हणून ती खड्ड्यावर उडते. अशा गाडीत पाटा घालणे हा उलटा उपाय आहे. जो मालक पुन्हा कधीच माल भरणार नाही, त्याने जाणकार कमानवाल्याकडून एखादा पाटा काढून घ्यावा. मात्र त्यानंतर दिवाळीत मेहुण्याचा कापूस भरायचा नाही, भरला तर मेन पाटाच तुटेल. हायलक्स किंवा व्ही-क्रॉसची गोष्ट वेगळी. तिथे कायमचे तीनशे-चारशे किलो चढणार असतील तर थोडी कडक कमान रास्त आहे, कारण एरवी गाडी मागून बसलेलीच राहते आणि रात्री दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

दोन्ही प्रकारांत जो भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो, तो शॉकॲब्सॉर्बर, गॅरेजच्या भाषेत शॉकप. कमान दाबली गेली की ती उसळते, आणि ती उसळी शांत करणे हे शॉकपचे काम. कमान कडक केली आणि शॉकप तोच ठेवला तर उसळी मोठी आणि लगाम जुनाच. खडीच्या लांब रस्त्यावर आतले तेल तापते, त्यात फेस धरतो आणि शॉकप नावापुरता उरतो, नायट्रोजन भरलेले शॉकप याला जास्त वेळ पुरतात. त्याहून स्वस्त गोष्ट म्हणजे पाट्यांची सफाई. आपल्या काळ्या मातीचा चिखल पाट्यांच्या फटींत सुकला की पाटे एकमेकांवर सरकतच नाहीत, आणि बारीकसा खड्डाही थेट मणक्यात पोचतो. कमान सोडवून, धुऊन, ग्रीस लावून, बुश बदलून बसवली तरी अनेकांना ‘नवी गाडी’ मिळेल. आणखी एक बारकावा. अनेक पिकअपमध्ये मागच्या आसाला जोडलेला एक ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो, तो चासी आणि आस यांतले अंतर पाहून गाडी भरलेली की रिकामी हे ओळखतो आणि त्याप्रमाणे मागच्या चाकांना ब्रेकचा दाब देतो. पाटे घालून गाडी दोन इंच उचलली की हा व्हॉल्व्ह फसतो. बिऱ्हाड भरलेले असूनही त्याला गाडी रिकामी वाटते, आणि पळासनेरपुढच्या बिजासन घाटाच्या उतारावर मागचे ब्रेक कमी लागतात. व्हॉल्व्ह पुन्हा जुळवून घेतला नाही तर वाढलेली उंची ही शोभा नसून जोखीम आहे.

यावर आक्षेप येणारच. पहिला असा, की आता मुंबई-आग्रा रस्ता चौपदरी झाला, मग हा खटाटोप कशाला? उत्तर असे की सपाट रस्त्यावर वेग वाढतो, आणि वेगात उसळणाऱ्या कडक गाडीची मागची चाके रस्ता अर्धवटच धरतात. शिवाय हौशी माणूस महामार्गासाठी निघत नाही, तो मुडावदच्या तापी-पांझरा संगमापर्यंतची वाट शोधत असतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: परदेशी कमान-संच बसवला आणि तो वाटेत तुटला तर काय? पाटा कुठल्याही हमरस्त्यावर मिळतो. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच पाट्याची कमान सोडून स्प्रिंगच्या नादी लागू नये असे माझे मत आहे. दोन इंग्रज विद्यापीठांचे विद्यार्थी 1955-56 मध्ये लंडनहून सिंगापूरला गेले, त्यांच्या दोन्ही लँड रोव्हर पाट्यांच्याच कमानीवर धावल्या. पण पाटा सगळीकडे मिळतो याचा अर्थ तो सगळीकडे घालावा असा होत नाही. तिसरा मुद्दा कायद्याचा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. यावर ‘आरसीवर पाटे कुठे मोजलेले असतात?’ असा प्रश्न हमखास येतो. पाटे नसतात, एकूण वजन असते. दहा पाटे घातले तरी तो आकडा बदलत नाही आणि ब्रेक, आस, टायर तेवढेच राहतात. हौद्यात माणसे बसवून नेणे तर मालवाहू गाडीत मुळातच बेकायदा आहे, वर कितीही सुंदर तंबू असो.

उरतो तो पैशाचा आक्षेप: एवढा हिशेब मांडण्यापेक्षा एक पाटा स्वस्त पडतो. एक पडतो, हे खरे. पण मग गाडी उडते म्हणून जाड गादीची सीट, मागची बाजू उचलून दिवे खाली झुकले म्हणून त्यांची जुळणी, टायर एका बाजूला झिजले म्हणून नवे टायर. पुन्हा कडबाच, फक्त महागाचा.

येत्या मार्गशीर्षात सारंगखेड्याला मुक्कामी जाणार असाल, तर गाडी सगळ्या सामानासह, भरलेल्या टाकीसह आणि माणसांसह आधी वजनकाट्यावर घ्या. पहिल्यांदा फक्त पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या आसावर नेमके किती येते ते कळेल. ते दोन आकडे लिहिलेली पावती खिशात घालून मगच कमानवाल्याकडे जा, आणि पाटा घालायचा की काढायचा हे त्याला त्या पावतीवरून ठरवू द्या.