काठी, रीळ आणि दोऱ्याची वाट

कोकणकिनाऱ्यावरची मासेमारी म्हटली की रापण, पाग आणि हातगळ आठवतात. अलीकडे मात्र वाळूवर उभे राहून बारा-तेरा फुटी काठीने लाटांपलीकडे गळ फेकणारी हौशी मंडळीही दिसू लागली आहेत. हा प्रकार ब्रिटन, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर चांगला रुजला आहे. तिथल्या काठ्या आणि रिळे शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. रीळ आणि काठी मिळून एकच यंत्र होते, आणि त्यांची जोडी रिळातून दोरा कसा सुटतो यावर ठरते.

मुख्य प्रकार दोन. पहिला मल्टिप्लायर. पतंगाची फिरकी डोळ्यांसमोर आणा. ढील दिली की फिरकी स्वतः फिरते आणि मांजा सरळ सुटतो. मल्टिप्लायरचे स्पूलही काठीला आडवे असते आणि फेकीच्या वेळी फिरते. दोरा सरळ येत असल्याने काठीवरच्या कड्या लहान चालतात. पण हे रीळ काठीच्या वरच्या अंगाला बसते. मासा ओढू लागला की काठी वाकते आणि दोन कड्यांमधला दोरा तिला घासू पाहतो. म्हणून कड्या जवळजवळ आणि संख्येने जास्त लागतात. फिरकीचा दोष इथेही आहेच. शिसे हवेत मंदावते, स्पूल मात्र जोरात फिरत राहते आणि दोऱ्याचा गुंता होतो. तो टाळायला अंगठ्याचा हलका दाब द्यावा लागतो. शिवाय रिळात छोटे ब्रेक किंवा चुंबक बसवलेले असतात.

दुसरा प्रकार फिक्स्ड स्पूल. आपल्या दुकानांत तो ‘स्पिनिंग रीळ’ म्हणून मिळतो. ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली अशा रिळाचे पेटंट घेतले. गिरणी पाहिलेल्या वाचकाला हे लगेच उमगेल. बॉबिन जागेवर स्थिर राहते आणि सूत तिच्या टोकावरून वेढ्यावेढ्याने निसटते. फेकीच्या वेळी या रिळाचे स्पूल फिरत नाही, त्यामुळे तसा गुंता होत नाही. मात्र दोरा मोठमोठी वेटोळी घेत बाहेर पडतो. ती वेटोळी हळूहळू आवळत न्यावी लागतात. म्हणून पहिली कडी मोठी, रिळापासून बरीच दूर आणि पुढच्या कड्या क्रमाने लहान, असे नरसाळे तयार करतात. हे रीळ आणि कड्या काठीच्या खालच्या अंगाला असतात.

ऑस्ट्रेलियात तिसरी वाट निघाली. चार्ल्स ॲल्व्ही यांनी १९२० साली ब्रिस्बेनमध्ये रिळांचा कारखाना काढला. त्यांच्या प्रसिद्ध रिळाचे स्पूल फेकताना काटकोनात वळवतात आणि गुंडाळताना पुन्हा सरळ करतात. वेटोळी मोठी, म्हणून हे रीळ काठीच्या अगदी बुडाशी बसवतात आणि पहिली कडी लांब ठेवतात. प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्याला पीळ पडतो, म्हणून गळाजवळ फिरती कडी जोडावी लागते.

आता चुकीच्या जोडीचे काय होते ते पाहू. मल्टिप्लायरच्या लहान कड्यांच्या काठीवर स्पिनिंग रीळ लावले, तर वेटोळी पहिल्या कडीवर आपटतात आणि फेक तोकडी पडते. खरा धोका गाठीचा आहे. जोरदार फेकीचा झटका सोसण्यासाठी दोऱ्याच्या टोकाला जाड तंगूस गाठून जोडतात. ब्रिटनमधला रूढ नियम असा की दर औंस शिशामागे या तंगुसाची ताकद १० पौंड असावी. म्हणजे ५ औंस, सुमारे १४२ ग्रॅम शिशाला ५० पौंड, सुमारे २३ किलो. मुख्य दोरा मात्र बहुधा १५ पौंडांच्या आसपासचा. ही गाठ अरुंद कडीत अडकली की बारीक दोरा तुटतो आणि शिसे मोकळे सुटते. हवेचा रोध धरला नाही तरी १०० मीटर जाण्यासाठी शिशाला ताशी ११० किलोमीटरहून अधिक वेग लागतो. वजन जवळपास क्रिकेटच्या चेंडूइतके, आणि वस्तू शिशाची. गर्दीच्या किनाऱ्यावर याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

म्हणून आधी रिळाचा प्रकार ठरवावा, मग काठी घ्यावी. दुकानात रीळ काठीवर बसवूनच पाहावे. स्पिनिंग रिळाचे स्पूल काठापासून दोन-तीन मिलिमीटर कमी भरावे. फार कमी भरले तर दोरा काठाला घासतो. रीळ धरणारा हात आणि बुडाचा हात यांच्यात खांद्यांच्या रुंदीहून थोडे जास्त अंतर असावे. काठी उगारताना हात अवघडले तर रिळाची जागा बदलावी. काठीवर छापलेल्या वजनाच्या मर्यादेबाहेरचे शिसे लावू नये. जाड तंगुसाचे पाच-सहा वेढे स्पुलावर राहतील इतकी त्याची लांबी ठेवावी. पहिली फेक हलक्या हाताने करून गाठ सगळ्या कड्यांतून न अडखळता जाते का ते पाहावे, आणि प्रत्येक वेळी काठी उगारण्यापूर्वी मागे व बाजूला कोणी नाही याची खात्री करावी.