चौल-रेवदंडा : एका पुरातन बंदराचा परिचय

अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिका नदी जेथे समुद्रास मिळते तेथे, नारळी-पोफळींच्या दाट सावलीत नांदणारी चौल आणि रेवदंडा ही जोडगावे पाहून, ग्रीक नाविकांना ठाऊक असलेले व दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी याने ‘सैमूर’ या नावाने वर्णिलेले संपन्न बंदर ते हेच, यावर नवख्या माणसाचा सहसा विश्वास बसत नाही.

या बंदराचे वैभव त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या देशावर पोसले होते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विक्रीसाठी एक घोडा घेऊन येथे उतरला आणि घाट चढून जुन्नरास पोहोचला; दख्खनच्या सुलतानांच्या फौजांना समुद्रापलीकडचे घोडे हवे असत, आणि त्यांची वाट चौलावरून जात असे. म्हणूनच या धक्क्यावर अनेकांचा डोळा होता. १५०८ साली इजिप्त आणि गुजरात यांच्या संयुक्त आरमाराशी येथे झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरीही पुढे निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी रेवदंड्यास कोट उभारला, १५७०-७१ चा निजामशाही वेढा परतवला आणि १७४० पर्यंत, म्हणजे मराठ्यांचा अंमल बसेपर्यंत, तो आपल्या ताब्यात राखला.

आज त्या कोटाचा तट वाड्यांमधून वाट काढीत जातो, भग्न प्रार्थनामंदिरांवर झाडोरा माजला आहे, आणि खाडीपलीकडील कोर्लई गावात पोर्तुगीज व मराठी यांच्या मिलाफातून घडलेली एक बोली अद्याप घरोघरी बोलली जाते. चौलच्या रामेश्वर मंदिरात तर सभामंडपाच्या फरसबंदीखाली कुंडे झाकलेली आहेत. त्यांतील पर्जन्यकुंड अवर्षणाच्या वर्षी विधिपूर्वक उघडले म्हणजे पाऊस पडतो, अशी गावाची श्रद्धा आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या यात्रेस टेकडीवरील दत्तमंदिराच्या पायऱ्या भाविकांनी फुलून जातात.

खाडी गाळाने भरत गेली, मुंबईने व्यापार आपल्याकडे ओढला, आणि ज्या तटाने निजामशाही तोफा सोसल्या त्याला जाणारी गलबते मात्र अडवता आली नाहीत. बंदर राखतात ते खोल पाणी, घाटापलीकडची पेठ आणि तिच्यावर विसंबणारा व्यापारी. हे तिन्ही सुटले की बुरूज कितीही भक्कम असोत, जकातीचे नाके ओस पडते. चौलने दर्यावरचे स्वामित्व गमावले, पण आगरे आणि देवस्थाने सांभाळून गाव म्हणून ते जिवंत राहिले. ज्याला कोकणचा इतिहास खरोखर समजून घ्यावयाचा असेल, त्याने रेवदंड्याच्या तटाइतकाच वेळ चौलच्या वाड्यांना आणि देवळांना द्यावा.