दोष रेंजचा नव्हताच!

(कॉन्व्हेंटची मुलगी मराठीत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या!)

रात्री साडेनऊला होस्टेलवर काकांचा फोन. "बाळा, तू सेट करून दिलेल्या कॉम्प्युटरवर फॉर्मच जात नाही. इथे रेंज नाही बघ. बारा वाजता साईट बंद होणार!"

फॉर्म माझ्या चुलत भावाच्या स्कॉलरशिपचा, तारीख शेवटची आणि घर रेवदंड्याला. आमच्या किनाऱ्यावर काहीही अडलं की पहिला आरोपी म्हणजे रेंज. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं, तेव्हापासून तर "टॉवर गेला असेल" हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे. मलाही आधी तेच वाटलं. तरी विचारलं, "काका, पानावरची अक्षरं दिसतात का?"

"अक्षरं झटकन येतात गं. ते वाकडेतिकडे आकडे असतात ना, ओळखून टाकायचे, ते येत नाहीत. नुसता रिकामा चौकोन."

मित्रांनो, इथेच पहिला क्लू आहे. रेंज खराब असेल तर सगळंच रडतखडत येतं. अक्षरं झटकन आणि चित्र अजिबात नाही, म्हणजे कोणीतरी फक्त चित्रच अडवतंय. पण कोण? साईट, ब्राउझर, अॅड-ऑन की सेटिंग?

अंदाजाने दहा बटणं दाबण्यापेक्षा एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा डीबगिंगचा पहिला नियम. आपण सर्किट तपासताना एकेक भाग वेगळा करतो ना, अगदी तसंच. त्या कॉम्प्युटरवर मीच उबुंटू टाकलेलं, ब्राउझर एकच, फायरफॉक्स. मग फोनवरूनच सुरू झालो.

पायरी पहिली, प्रायव्हेट विंडो. यात जुन्या कुकीज वापरल्या जात नाहीत. चौकोन रिकामाच. म्हणजे कुकीज निर्दोष.

पायरी दुसरी, ट्रबलशूट मोड. याला पूर्वी सेफ मोड म्हणायचे. हेल्प मेनूमधून फायरफॉक्स या मोडमध्ये रीस्टार्ट केला की सगळे अॅड-ऑन, थीम आणि हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद होतं. तरी रिकामाच. अॅड-ऑनही निर्दोष.

पायरी तिसरी, नवीन प्रोफाइल. अॅड्रेस बारमध्ये 'अबाऊट:प्रोफाइल्स' टाकायचं (खरं तर इंग्रजीत, मध्ये स्पेस न देता) आणि नवं प्रोफाइल बनवायचं. प्रोफाइल म्हणजे तुमच्या फायरफॉक्सचं बिऱ्हाड: बुकमार्क, पासवर्ड, कुकीज, सेटिंग्ज सगळं त्या एका फोल्डरमध्ये. नवं प्रोफाइल म्हणजे कोरी जागा.

"आले! आकडे आले!" काका ओरडले. मागून काकूंचा आवाज, "आधी भरा तो फॉर्म, गप्पा नंतर!" अकराच्या आत पावती आली.

आता लॉजिक बघा. मशीन तेच, नेट तेच, साईट तीच, बदललं फक्त प्रोफाइल. त्यातले अॅड-ऑन आणि कुकीज आधीच सुटलेले. म्हणजे मुख्य संशयित राहिलं सेटिंग. मी काकांना जुन्या प्रोफाइलमध्ये 'अबाऊट:कॉन्फिग' उघडायला लावलं.

फायरफॉक्सचं १.० व्हर्जन ९ नोव्हेंबर २००४ ला आलं. नेहमीच्या सेटिंग्जच्या पानावर जे दिसतं, त्याहून कितीतरी जास्त सेटिंग्ज या अबाऊट:कॉन्फिगमध्ये असतात. आत शिरताना इशारा येतो. पूर्वी तिथे गमतीने "वॉरंटी जाईल" असंही लिहिलेलं असायचं. प्रत्येक सेटिंगला नाव आणि व्हॅल्यू असते. व्हॅल्यू तीन प्रकारची: हो/नाही, आकडा किंवा मजकूर. आपण बदललेलं सेटिंग ठळक अक्षरात दिसतं, आणि फक्त बदललेलीच दाखवा अशी सोयही आहे.

काका यादी वाचत होते. "परमिशन्स डॉट डिफॉल्ट डॉट इमेज... दोन."

माझा चेहरा पडला. इथे १ म्हणजे सगळी चित्रं दाखवा, २ म्हणजे एकही नको, ३ म्हणजे फक्त त्याच साईटची दाखवा. सुट्टीत मोबाईलच्या हॉटस्पॉटचा डेटा वाचवायला ते २ मीच केलं होतं, आणि विसरून होस्टेलला परत आले. दोन महिने घरात कोणालाच फोटो दिसले नाहीत आणि कोणी तक्रारही केली नाही. का? तर "रेंज नाही"! आणि कॅप्चासुद्धा एक चित्रच असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काकांनी शेजारचं रीसेटचं बटण दाबलं, संपलं.

म्हणून थोडे नियम, माझ्यासारखी फजिती होऊ नये यासाठी:

एक, बदलण्याआधी जुनी व्हॅल्यू वहीत लिहा, तारखेसकट. मशीन दुसऱ्याचं असेल तर त्यांनाही सांगा.

दोन, जुन्या टिप्स डोळे मिटून मारू नका. एके काळी 'पाइपलायनिंग चालू करा, नेट सुसाट' ही टिप फार फेमस होती. आताच्या फायरफॉक्समध्ये ती सोयच काढून टाकलीय. सेटिंग बदललं तरी काही होत नाही, फक्त आपल्याला बरं वाटतं.

तीन, बदललेलं सेटिंग रीस्टार्टनंतर पुन्हा जुन्यावर येत असेल तर प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये 'यूजर.जेएस' नावाची फाइल आहे का बघा. तिच्यातल्या व्हॅल्यू प्रत्येक वेळी सुरू होताना लागू होतात.

चार, 'नेटवर्क.टीआरआर.मोड' जपून. साईटचं नाव शोधण्याचं काम एन्क्रिप्टेड पद्धतीने करायचं हे सेटिंग. २ ठेवलं तर अडल्यावर नेहमीची पद्धत वापरली जाते, ३ केलं तर नाही. मग होस्टेलच्या वायफायचं लॉगिन पानसुद्धा अडू शकतं.

पाच, एफ१२ दाबून नेटवर्क टॅब बघायची सवय लावा. ४०४ म्हणजे ती वस्तू त्या पत्त्यावर नाही, ५०० म्हणजे सर्व्हरच्या बाजूला गडबड. निदान शिव्या कोणाला द्यायच्या ते तरी कळतं!

भावाचा फॉर्म वेळेत गेला. पण एक तास उशीर झाला असता तर त्याचं वर्षाचं नुकसान माझ्या एका आकड्यामुळे झालं असतं, आणि आम्ही सगळे जन्मभर रेंजला दोष देत बसलो असतो. तर मंडळी, अबाऊट:कॉन्फिग जरूर उघडा, खेळा, शिका. फक्त दिवा लावलात तर तो विझवायचंही लक्षात ठेवा.